साठ गाणी, साठ मिनिटं: पार्टीतल्या घोटांसाठी घड्याळाबरहुकूम मिक्स कसा करावा

खेळ सोपा आहे. एक तास, साठ गाणी आणि प्रत्येक गाण्याचं फक्त एक मिनिट. मिनिट संपलं की खूण वाजते, गाणं बदलतं आणि बसलेले सगळे एकेक घोट घेतात. अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये याला ‘पॉवर अवर’ म्हणतात. शंभर मिनिटांचाही एक प्रकार आहे, ‘सेंच्युरी क्लब’. त्याच्या नादी लागू नका, का ते पुढे हिशेबात दिसेलच. मराठवाड्यात हा खेळ रंगतो तो हिवाळ्यात शेतावर, हुरडा खाऊन झाल्यावर शेकोटीभोवती. बंद खोलीत तो लवकर कंटाळवाणा होतो.

घोट कशाचा, याची खेळाला पर्वा नाही. बिअर चालते, मठ्ठा चालतो, लिंबू सरबत चालतं. लातूर-धाराशिवकडे येळवसेच्या (वेळ अमावास्येच्या) दुसऱ्या दिवशी आंबील उरलेली असेल तर तिचाही घोट चालतो. घरची मंडळी आणि पोरंसोरं असतील तर मठ्ठाच ठेवा, खेळाची मजा तसूभरही कमी होत नाही. मिक्स दोन्हीकडे तोच लागतो.

बहुतेक जण गाण्यांची यादी करण्यात आठवडा घालवतात आणि मग प्रत्येक गाण्याचं पहिलं मिनिट कापून एकापुढे एक चिकटवतात. असा मिक्स हमखास पडतो. गाणं निवडणं सोपं असतं, खरी मेहनत त्यातलं मिनिट निवडण्याची.

आधी पेला, मग गाणी

लॅपटॉप उघडण्याआधी एक हिशेब करा, कारण मिक्सची लांबी आणि खुणा त्याच्यावरच ठरतात.

अमेरिकन नियमात घोट म्हणजे साधारण ४४ मिली बिअर. साठ घोटांचे २,६४० मिली झाले, म्हणजे आपल्याकडच्या ६५० मिलीच्या चार बाटल्या, त्याही एका तासात. हे जमवून दाखवण्यात शहाणपण नाही. पेगच्या मापाने ३० मिलीचा घोट धरला तरी १,८०० मिली होतात. बिअर ५ टक्क्यांची असेल तर त्यात ९० मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे व्हिस्कीचे ३० मिलीचे सात पेग. आणि आपल्याकडे दुकानात पटकन हाती येते ती स्ट्राँग. ती ८ टक्क्यांची धरली तर हेच अकरा पेग होतात. यकृत तासाला जेमतेम एक पेग निकालात काढतं. बाकीचे रक्तात फिरत राहतात.

म्हणून माझं माप असं: घोट १५ मिलीचा, बिअर माइल्ड, आणि दर दहाव्या मिनिटाला बिअरऐवजी पाणी. १०, २०, ३०, ४० आणि ५० ही मिनिटं पाण्याची. घोट उरले ५५, बिअर लागली ८२५ मिली, म्हणजे सव्वा बाटली. पेगच्या भाषेत तीनच्या किंचित वर. तासाभरात हेही पुष्कळ झालं. खोकल्याच्या औषधाबरोबर जे प्लास्टिकचं छोटं झाकण-माप येतं त्यावर १५ मिलीची रेघ असते. नवी मापं मेडिकलमध्येही मिळतात. चहाच्या कागदी कपात अंदाजाने ओतायला गेलात तर विसाव्या मिनिटानंतर प्रत्येकाचा अंदाज मोठा होत जातो.

व्हिस्की, रम, देशी यांवर हा खेळ खेळू नका. ‘थोडीच घेऊ’ असंही नाही. मिनिटाला एक घोट हा वेग त्या दारूसाठी नाही, त्यात माणूस जातो. मिक्स तोच ठेवून ज्याला हवं त्याने मठ्ठ्यावर खेळावं, आणि त्याला कुणी काही म्हणायचं नाही, हा नियम पहिल्यांदाच सांगून टाका. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं, कडक दारूसाठी २५, आणि कायद्याने पिण्याचा परवानाही लागतो. एक दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो.

बिअरचं म्हणाल तर ती संभाजीनगरच्या एमआयडीसीतच तयार होते. २०१६ च्या दुष्काळात इथल्या दारू कारखान्यांच्या पाण्याचं प्रकरण हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं आणि त्यांच्या पाणीकपातीचा आदेश निघाला. म्हणून उरून ओतून द्यावी लागेल इतकी आणू नका.

गाण्यांची यादी

साठ हवीत तर ऐंशी लिहा. कापायला बसल्यावर वीसेक गाणी आपसूक गळतात. कुठल्या गाण्यात धड मिनिट सापडत नाही, कुठल्या फाईलचा आवाज फाटलेला निघतो.

निवडताना कसोटी एकच: बसलेल्यांपैकी निम्म्यांना हे गाणं पाच सेकंदांत ओळखू येईल का? तुमच्या आवडीचं पण कुणी न ऐकलेलं गाणं इथे मरतं. एका मिनिटात नव्या गाण्याशी ओळख होत नाही. नव्वदच्या दशकातली हिंदी गाणी, लग्नाच्या वरातीत बँडवाले वाजवतात ती, ढोलकीच्या लावण्या, गणपतीत डीजेवर वाजलेली, शाळेच्या गॅदरिंगमध्ये सगळ्यांनी नाचलेली, जुन्या मालिकांची शीर्षकगीतं, क्रिकेटच्या जाहिरातींची धून. अशी सरमिसळ हवी. वयाने मोठे चुलते-मामा असतील तर साठ-सत्तरच्या दशकातली दहा तरी घाला, नाहीतर ते अर्ध्या तासात शेकोटीची लाकडं सारत बसतात.

एक पथ्य मात्र पाळा. भजनं, भीमगीतं, भक्तीच्या कव्वाल्या आणि नात (पैगंबरांच्या स्तुतीची गीतं) पिण्याच्या मिक्समध्ये घालू नका, त्यांचा ठेका कितीही जोरकस असला तरी. आपल्या भागात ही गाणी घराघरांत श्रद्धेने ऐकली जातात, आणि त्यांच्या तालावर ग्लास उचलणं बसलेल्यांपैकी कुणाला तरी लागतंच.

फाईल स्वतःकडे असावी लागते: विकत घेतलेली एमपीथ्री, किंवा जुन्या सीडीवरून उतरवलेली. स्ट्रीमिंग ॲपमध्ये ‘डाऊनलोड’ केलेलं गाणं कुलूपबंद असतं, ते कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही. मिक्स घरच्या बैठकीपुरता ठेवा. हॉटेल किंवा हॉलमध्ये वाजवायचा तर संगीताचं लायसन्स लागतं, आणि इंटरनेटवर चढवला तर हक्काचा दावा येऊन तो उतरतो.

मिनिट कुठून कुठपर्यंत

गाणं कानाने ऐका आणि वहीत वेळ लिहा. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांची सुरुवातीची धूनच तीस-चाळीस सेकंद चालते. ती ठेवली तर मिनिट संपेपर्यंत गायकाने तोंड उघडलेलं नसतं. कव्वालीत तर आलापातच दोन मिनिटं जातात, ती थेट टाळ्या सुरू होतात तिथून उचला. लावणीत उलटं आहे. तिची ढोलकी कापू नका, लोक उठतात ते ढोलकीवरच.

साधारण नियम असा की मुखड्याच्या आधीची पाच-सात सेकंदं घ्यायची. तेवढ्यात लोक गाणं ओळखतात, एकमेकांकडे बघतात आणि मुखडा आला की एकदम ओरडतात. मुखडा दहाव्या सेकंदाच्या आत यायला हवा. शेवट कुठे होतो याची काळजी सुरुवातीइतकी करू नका, मात्र ओळीच्या मधल्या शब्दावर तुटला तर कानाला बोचतो. कापायची जागा दोन-तीन सेकंद मागेपुढे सरकवून बघा. बहुतेकदा ओळ संपलेली जागा सापडते. नाहीच सापडली तर सुरुवात थोडी हलवा.

काही गाण्यांत दोन मिनिटं चांगली असतात, एक मुखड्याचं आणि एक शेवटी ठेका दुप्पट होतो तिथलं. असं गाणं दोनदा वापरता येतं: एकदा बाराव्या मिनिटाला, एकदा अठ्ठावन्नाव्या. दुसऱ्यांदा ते आलं की बैठक उसळते.

ऑडॅसिटीत बांधणी

कापाकापीसाठी ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि जुन्या लॅपटॉपलाही झेपतं. मोबाईलवरच्या ॲपनेही होईल, पण साठ तुकडे बोटाने सरकवणं म्हणजे डोळ्यांची वाट.

सुरुवातीला एक युक्ती करून ठेवा, पुढचं सगळं काम त्याने सोपं होतं. पहिलं पूर्ण मिनिट गाण्याला देऊ नका, त्यात घोषणा ठेवा: नियम काय, माप किती, पाण्याची मिनिटं कुठली. म्हणजे पहिलं गाणं बरोबर १:०० ला सुरू होतं, सदतिसावं ३७:०० ला. गाण्याचा क्रमांक आणि घड्याळ एकच. कुठे गडबड झाली तर लगेच सापडते, आणि पार्टीत कुणी ‘कितवं चालू आहे’ विचारलं तर स्क्रीनकडे बघून सांगता येतं.

टूल्स मेन्यूत ‘रेग्युलर इंटरव्हल लेबल्स’ आहे. त्यात अंतर ६० सेकंद द्या, म्हणजे दर मिनिटाला खुणेचं लेबल आपोआप पडतं. ही तुमची आखलेली वही.

मग एकेक गाणं वेगळ्या खिडकीत उघडा. खालच्या सिलेक्शन पट्टीत ‘सुरुवात आणि लांबी’ हा पर्याय निवडा, सुरुवातीला वहीतली वेळ लिहा आणि लांबीत बरोबर ६० सेकंद. मग कंट्रोल-टी दाबा, निवडीबाहेरचं सगळं गळून पडतं. माउसने ओढून मिनिट मोजू नका. अर्ध्या सेकंदाची चूक साठ वेळा झाली की तासाच्या शेवटी अर्ध्या मिनिटाची होते.

चिकटवण्याआधी आवाज सारखा करा, आणि तो प्रत्येक गाण्याचा सुटासुटा. हीच पायरी लोक गाळतात आणि मग पार्टीभर एकजण व्हॉल्यूमला हात लावून बसलेला असतो. १९६५ चं रेकॉर्डिंग आणि कालचा डीजे रिमिक्स यांच्या आवाजात जमीन-अस्मानाचा फरक असतो. इफेक्टमधलं ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ उघडा आणि आकडा उणे १६ द्या (मूळ तिथे उणे २३ असतो, तो शेतावरच्या स्पीकरला हळू पडतो). साधं ‘नॉर्मलाइज’ वापरू नका, ते फक्त सगळ्यात उंच टोक बघतं, कानाला गाणं किती मोठं वाटतं ते नाही. जुन्या गाण्याची टोकं वर चढून लाल दिसू लागली तर त्यावर ‘लिमिटर’ लावा. साठ गाणी एकत्र जोडून मग हा इफेक्ट लावला तर काहीच साधत नाही. सॉफ्टवेअर सगळ्यांना एकच गाणं समजतं आणि फरक जसाच्या तसा राहतो.

आता तुकडे मुख्य प्रोजेक्टमध्ये आणा. विषम क्रमांकाची गाणी वरच्या ट्रॅकवर, सम क्रमांकाची खालच्या ट्रॅकवर ठेवा. त्यामुळे शेजारचे तुकडे एकमेकांना ढकलत नाहीत आणि एखादं बदलायचं झालं तर बाकीची जागची हलत नाहीत. तुकडा सरकवताना तो लेबलच्या रेषेवर आला की पिवळी रेघ उमटते. तिथेच सोडा.

डीजे करतात तसं एकातून दुसऱ्या गाण्यात विरघळवण्याचा मोह होतो. इथे तो टाळा. विरघळणीत दोन सेकंद मिनिट संपलं की नाही तेच कळत नाही, आणि या खेळात भांडणं होतात ती नेमकी त्याच दोन सेकंदांवरून. कात्रीने कापल्यासारखा कट हवा. फक्त तुकड्याच्या दोन्ही टोकांना निमिषभराचा फेड (आवाज हळूच चढवणं-उतरवणं) द्या, नाहीतर स्पीकरमध्ये ‘टक्’ वाजतं.

खूण

खूण वाजायची ती मिनिटाच्या शेवटच्या दीड सेकंदात. नव्या गाण्यावर ती चढवली तर त्याचा पहिला ठोका मारला जातो. तिसरा ट्रॅक फक्त खुणांसाठी ठेवा. एक खूण नीट बनवा आणि प्रत्येक लेबलच्या दीड सेकंद आधी तीच चिकटवत जा.

काय वाजवायचं? सोपा उपाय म्हणजे जनरेट मेन्यूतला ‘टोन’: १,००० हर्ट्झ, दोन छोटे आणि एक लांब. त्याहून खालचा सूर बासमध्ये बुडतो. माणसाचा कान २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो, म्हणून गोंगाटात घंटा, शिट्टी, हलगीची कडक थाप ऐकू येते आणि ढोलाचा घुमारा हरवतो. हलगी कुणाकडे असेल तर मोबाईलवर तीन थापा रेकॉर्ड करून घ्या. पाण्याच्या मिनिटाला खूण वेगळी हवी, सायकलची घंटी चालेल.

मला स्वतःला माणसाचा आवाज आवडतो. सगळ्यांच्या ओळखीच्या, पार्टीला न आलेल्या माणसाचा: गावाकडच्या मित्राचा, आत्याचा. ‘उचल लेका!’ किंवा लातूरकडचं ‘घे की गा!’ पाण्यासाठी आत्याच बरी: ‘पाणी पी रे बाबा आधी.’ रेकॉर्ड करताना खोलीत गोधडी पांघरून बोलायला सांगा, आवाज घुमत नाही. खुणेखाली गाणं जरा दबावं म्हणून ‘ऑटो डक’ हा इफेक्ट आहे. त्यासाठी खुणांचा ट्रॅक गाण्यांच्या ट्रॅकखाली लागतो, कारण हा इफेक्ट खालच्या ट्रॅककडे बघून वरचा दाबतो.

दहाव्या मिनिटाच्या भेंड्या

पाण्याची पाच मिनिटं नुसती काढू नका. त्या मिनिटाचं गाणं चाळिसाव्या सेकंदाला, मुखड्याच्या अर्ध्या ओळीवर तोडा आणि उरलेली वीस सेकंदं शांत ठेवा. ओळ बैठकीने पूर्ण करायची आणि शेवटच्या अक्षरावरून समोरच्या गटाने दुसरं गाणं उचलायचं. वीस सेकंदांत नाही उचललं तर पुढच्या दहा मिनिटांची ओतण्याची चाकरी त्या गटाकडे. शिक्षा म्हणून जादा घोट कधीही देऊ नका, वरचा सगळा हिशेब तिथेच मोडतो.

या पाच जागांसाठी सगळ्यांना तोंडपाठ असलेली गाणीच राखून ठेवा. बाकी क्रम असा: पहिली दहा ओळखीची आणि मध्यम लयीची, मधली चढती, चाळीस ते पन्नासच्या दरम्यान एक संथ टप्पा, शेवटची दहा नाचायची. संथ टप्पा चुकवू नका, तोवर सगळे थकलेले असतात.

फाईल आणि शेतावरची तयारी

एक्सपोर्ट करताना एकच सलग एमपीथ्री करा, १९२ केबीपीएसवर. मिनिटाला साधारण दीड एमबी पडते. साठ वेगळ्या फाईली करून प्लेलिस्ट लावली तर दोन फाईलींच्या मध्ये बारीक पोकळी पडते आणि घड्याळ घसरतं. प्रोजेक्टची फाईलही जपून ठेवा, पुढच्या हिवाळ्यात दहा गाणी बदलली की नवा मिक्स तयार.

एकदा तरी पूर्ण मिक्स ज्यावर वाजवायचा त्याच स्पीकरवर ऐका. हेडफोनवर गोड वाटणारी खूण शेतात ऐकूच येत नाही, असं होतं.

फाईल फोनमध्ये उतरवलेली असू द्या, शेतात रेंजचा भरवसा नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाकून मग ब्लूटूथ चालू करा. नाहीतर चौतिसाव्या मिनिटाला कुणाचा तरी फोन येतो, गाणं थांबतं आणि सगळं घड्याळ बिघडतं. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, एफएटी३२ फॉरमॅट करून. लोडशेडिंगमध्ये स्पीकरने मान टाकली तर ट्रॅक्टरच्या टेपवर तीच लावता येते.

रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहे, आणि शेजारच्या वस्तीवर पहाटे उठणारी माणसं असतात. आठला सुरू करा. त्याआधी सगळ्यांना जेवू घाला. भाकरी-ठेचा, पिठलं, असेल तर नान खलिया. नुसत्या शेंगदाण्यांवर हा खेळ खेळायचा नाही. जेवणाबरोबर रात्रीच्या मुक्कामाचंही ठरवा. गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे, ती या खेळात सहज ओलांडली जाते. शिवाय ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यावर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात. चाव्या न पिणाऱ्याकडे जमा.

एकसष्टाव्या मिनिटानंतर

मिक्स साठाव्या घोटावर तोडू नका. पोटातली दारू रक्तात चढायला अर्धा-एक तास लागतो, त्यामुळे खेळ संपल्यावरही नशा वाढतच असते. नेमकं तेव्हाच सामसूम झाली की कुणीतरी ‘आणखी एक राउंड’ म्हणतो. म्हणून शेवटी वीस मिनिटांची संथ गाणी जोडा: पूर्ण, न कापलेली, खुणेविना. आत्याच्या आवाजात पहिल्यालाच सांगून टाका की बाटल्या आत ठेवा, मठ्ठा बाहेर काढा. एकूण फाईल ८१ मिनिटांची होते, आठला लावली तर नऊ एकवीसला संपते.

या वीस मिनिटांत न पिणाऱ्याने सगळ्यांकडे एकदा नजर टाकावी. कुणी हलवूनही जागा होत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार पडत असेल तर त्याला ‘झोपू दे’ म्हणून सोडू नका. कुशीवर वळवा, उताणा ठेवू नका, उलटी श्वासात जाते. लिंबू, ताक, कॉफी काहीही पाजू नका. १०८ लावा, आणि शेतापर्यंतचा रस्ता सांगायला एकाला टॉर्च घेऊन डांबरी रस्त्यावर उभं करा.